पोटातली भट्टी

"आता मी जे सांगणार हाय," हिंदुराव खाडे म्हणाले, "ते तुमास्नी पटायचं न्हाई. तुमास्नीच काय, अख्ख्या कागल तालुक्यात एकालाबी पटायचं न्हाई. ज्याला पटंल त्यानं माझी मिशी उतरावी आणि येशीला टांगावी."

"मिशी ऱ्हाऊ द्या, दाजी," त्यांचा मेहुणा रंगराव म्हणाला. "तुमचं आजपत्तोर काय पटलंय, ते आज पटंल?"

हिंदुरावांनी टोमणा अंगाला लावून घेतला नाही. त्यांचं लक्ष रंगरावाकडं नव्हतंच. ते होतं उंबऱ्याच्या आत, पाठमोरी बसून मेथी निवडणाऱ्या बायकोकडं. आठवड्यापूर्वी शालन एक पिशवी उचलून बोरगेवाडीहून इथं कागलला, भावाच्या घरी, निघून आली होती. आज हिंदुराव तिला न्यायला आले होते. माणसाचा राग पाठीवरूनही वाचता येतो. मेथीची एकेक काडी ती अशी मोडत होती, जणू प्रत्येक काडीचं नाव हिंदुराव होतं. पिशवी मात्र दाराजवळच्या खुंटीला टांगलेली होती, आणि ती भरलेली होती. हिंदुरावांनी येता येताच ते हेरलं होतं. भरलेली पिशवी म्हणजे अजून आशा.

हिंदुरावांच्या थापांबद्दल तालुक्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या गोष्टीतला अशक्य भाग हमखास खरा निघायचा आणि साधा भाग खोटा. एका पुरात बिबट्या त्यांच्या गुऱ्हाळात शिरला आणि शेळ्यांच्या शेजारी रात्रभर गुमान बसून राहिला, असं ते सांगत. लोक हसले. मग वनखात्यानं फोटो दाखवले. बिबट्या खरा, शेळ्या खऱ्या. फक्त "मी तिथंच कंदील घेऊन उभा हुतो" एवढंच खोटं. हिंदुराव त्या वेळी निपाणीत पाहुण्याच्या घरी मटण ओरपत होते.

"तर ऐका," ते म्हणाले, आणि आवाज मुद्दाम उंबऱ्याच्या आत जाईल असा चढवला.

मुळात दोष काळाचा होता. त्या वर्षांत माणसं एकमेकांची खुशाली विचारत नव्हती, कार्ब विचारत होती. दंडावर रुपयाएवढं एक बटण चिकटवलेलं असायचं. ते कातडीतून रक्तातली साखर मोजायचं, आणि साखर चढली की टिटवीसारखं ओरडायचं. कीर्तनात ओरडायचं, तेराव्याला ओरडायचं. एकदा तर नवरदेवाच्या दंडावरचं बटण ऐन मंगलाष्टकांत ओरडलं, आणि मुलीकडची माणसं ‘याला साखर आहे, आम्हाला सांगितलं नाही’ म्हणून अक्षता हातात तशाच धरून उभी राहिली. जेवणाचं एक वेळ ठीक होतं. भात सोडला, भाकरी अर्धी केली, माणूस तरून जातो. खरी फजिती पिण्याची. लग्नाच्या मांडवात शिरताच पाटी लागायची: पन्हं इतके ग्रॅम, कोकम तितके, मठ्ठा अमुक, पाणी शून्य. शिकलीसवरलेली माणसं त्या पाटीपुढं चष्मे सावरत उभी राहायची आणि शेवटी पाणी पिऊन घरी जायची. चहावाल्यांनी ‘मुका चहा’ काढला होता. दूध नाही, साखर नाही. काळं पाणी, आणि वर मालकाची सहानुभूती.

या काळाचे पुरोहित म्हणजे हिंदुरावांचे व्याही, पुण्याचे दळवीसाहेब. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पोट खपाटीला गेलेलं, आणि त्या खपाटीचा गर्व पोटाहून मोठा. हिंदुरावांची लेक ऊर्मिला त्यांची सून. हिंदुराव तिच्याकडं गेले की दळवी दारातच विचारायचे, "काय घेणार, व्याहीबुवा?"

"च्या."

घरात शांतता पसरायची. कुणीतरी वारल्यासारखी.

"चहा म्हणजे... आपल्याकडं पर्याय बरेच आहेत," दळवी म्हणायचे, आणि फ्रिजला हाक मारायचे. फ्रिजला वाचा फुटलेली होती. तो बायकी आवाजात यादी वाचायचा. तूप घालून घुसळलेली काळी कॉफी. रात्रभर भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी. दुधी भोपळ्याचा रस. सब्जा. सफरचंदाचं आंबलेलं पाणी. बदामाचं दूध.

"बदामाला आचळं कुठनं आली?" हिंदुरावांनी विचारलं होतं.

"ते वनस्पतिजन्य दूध असतं."

"मग त्याला पाणी म्हना. म्हशीचा अपमान कशाला?"

"शहाळं द्या, शहाळं तरी झाडाचंच असतंय," असं एकदा ते म्हणाले, तर फ्रिजनंच त्यांना झापलं. शहाळ्यात साखर असते म्हणे. ताकालासुद्धा कोटा होता, सकाळी एक वाटी. शेवटी हिंदुरावांनी तुपाची कॉफी घेतली. ओठांना तूप, घशाला कडू, आणि पोटात गेल्यावर दोघांचं भांडण. "देवळातली समई चाटल्यागत लागलं," ते रंगरावाला म्हणाले, आणि आत मेथीच्या काड्या मोडणारे हात क्षणभर थांबल्यासारखे त्यांना वाटले. हिंदुरावांनी उमेद धरली.

कहर दिवेलागणीला व्हायचा. दळवी काचेचे पेले मांडायचे, सोडा फोडायचे आणि व्हिस्की ओतायचे.

"पावणं, हे कसं चालतंय तुमच्या पथ्यात?"

"शून्य!" दळवींचा चेहरा पूजा सांगणाऱ्या भटजीसारखा व्हायचा. "ऊर्ध्वपातन केल्यावर साखर मागंच राहते. व्हिस्की शून्य, ब्रँडी शून्य, सोडा शून्य. लिंबू पिळलं तर अर्धा ग्रॅम. शास्त्र आहे हे, व्याहीबुवा."

म्हणजे उसाचा रस हे विष आणि दारू हे पथ्य! ज्या शास्त्रात पन्हं प्यालेला पापी आणि झिंगलेला पुण्यवान, त्या शास्त्रापुढं हिंदुरावांनी मान डोलावली आणि पेला मात्र सरकवून दिला. कारण त्यांची एक शपथ होती.

ऊर्मिला दहावीला होती तेव्हाची. हिंदुराव तेव्हा रोज प्यायचे आणि प्याले की गाणी म्हणायचे. एका संध्याकाळी ते गुऱ्हाळात रस आटवायच्या पेटत्या भट्टीच्या, चुलवाणाच्या, तोंडाशी झोकांडून पडले. धोतराचा सोगा जळाला, पाय वाचला. शालन रडली नाही, ओरडली नाही. साच्यातून नुकतीच काढलेली गुळाची गरम ढेप तिनं पुढं आणली, नवऱ्याचा हात धरून तिच्यावर दाबला आणि म्हणाली, "म्हना. पुन्हा प्यालो तर ह्या चुलवाणाला इस्तू मिळू नये." हिंदुराव म्हणाले. गुऱ्हाळवाल्याला यापरती शपथ नाही. त्यानंतर ते प्यायले नव्हते. ती एवढी एकच गोष्ट होती, जी ते कुणाला रंगवून सांगत नसत.

दारू शपथेनं गेली, आणि काही वर्षांनी रस बटणानं नेला. डॉक्टरनं साखर बघितली आणि सांगितलं, उसाच्या रसाकडं बघायचंसुद्धा नाही. गुऱ्हाळाचा मालक, चार पिढ्यांचा चरक, आणि स्वतःच्या चरकाखाली पाण्याची बाटली घेऊन बसायचं! खाटकानं तुळस चघळावी तसं दिसायचं ते.

"पुढं काय झालं ते सांगा की," रंगराव म्हणाला. "हे समदं आमाला ठावं हाय."

"पुढं ऊर्मिलानं गोळी काढली."

गोळी ऊर्मिलानं एकटीनं काढली नव्हती. ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कामाला होती, आणि तिथल्या दहाबारा डोक्यांनी मिळून ती काढली होती. पण बापाच्या तोंडी लेकीशिवाय दुसरं नाव कसं येणार? दिवाळीला ती बोरगेवाडीला आली, आणि तिनं आईबापांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात तो बारीक जीव. तो साखर खातो आणि दारू व वायू सोडतो. जगातली सगळी दारू त्याच्याच कृपेनं होते. ऊर्मिलाच्या प्रयोगशाळेनं या जिवाचं दारू करायचं जनुकच कापून टाकलं. त्या जागी दुसरं बसवलं: साखरेचे कण एकमेकांत गुंफून त्यांचा न पचणारा धागा करणारं. असे कोट्यवधी जीव एका गोळीत. माणसानं गोळी गिळायची आणि वर खुशाल गोड प्यायचं. आतड्यानं साखर ओढून घ्यायच्या आत हे जीव तिच्यावर तुटून पडणार, तिचं सूत कातणार, आणि ते सूत दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वाटेनं निघून जाणार. रक्ताला पत्ता नाही. बटण गप्प.

"आणि त्यांनी पोटातच संसार थाटला तर?" शालननं विचारलं होतं.

"नाही थाटत, आई. त्यांच्यातही नर-मादीसारख्या दोन जाती असतात. जोडा जमला तरच नवी वीण होते. आम्ही एकाच जातीचे घेतलेत. ते थोडे दिवस राहतात आणि मरून जातात. पोटात लग्न व्हायचाच प्रश्न नाही."

"समदे गडीच," हिंदुराव म्हणाले. "तालमीगत."

गोळीची चाचणी चालू होती आणि माणसं हवी होती. हिंदुरावांनी हात वर केला. पुण्यात दळवींनीही केला. वर्षानुवर्षं मेथ्यांचं पाणी पिणाऱ्या माणसाला पुण्याचा कंटाळा येतोच कधीतरी.

हंगामात, संक्रांतीच्या आगंमागं, दळवी ऊर्मिलेसह गुऱ्हाळावर आले. आमच्याकडं रीत अशी, की गुऱ्हाळावर पाय ठेवलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय माघारी धाडायचं नाही. वैरी आला तरी पहिला पेला, मग भांडण. दळवी आजवर तीन-चार हंगाम आले होते आणि दरवेळी पेल्यावर तळहात ठेवून म्हणाले होते, "क्षमा करा, माझं पाणी मी आणलंय." तो तळहात हिंदुरावांना थोबाडीत बसल्यासारखा लागायचा. या खेपेला मात्र दळवींनी पेला दोन्ही हातांनी घेतला. आलं-लिंबू पिळलेला, फेसाळलेला, चरकातून आत्ता उतरलेला रस. एक घोट घेतला आणि त्यांचे डोळे मिटले.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "हे इतकी वर्षं तुम्ही माझ्यापासून लपवून ठेवलंत?"

"मी? तुमीच बाटली घिऊन येत हुता की!"

दोघांनी तांब्यावर तांब्या रिचवला. गुळव्या सिद्राम, म्हणजे काहिलीतला रस आटवून गूळ उतरवणारा त्यांचा जुना कारागीर, ओतून ओतून दमला. बटणं गप्प. दळवी मधूनमधून आपल्या दंडाकडं बघून त्याला वेडावून दाखवत होते.

मग अर्ध्या-पाऊण तासानं दळवी सिद्रामच्या गळ्यात पडले. "सिद्राम," ते हुंदके देत म्हणाले, "मला बदामाचं दूध आवडत नाही. मला ते कधीच आवडलं नाही. मी खोटं जगलो!" सिद्रामच्या एका हातात काहील ढवळायचा दांडा, दुसऱ्या हातात बँकेचा निवृत्त अधिकारी. हिंदुराव तोवर चिपाडाच्या ढिगावर चढले होते आणि उभ्या उसाला उद्देशून लावणी म्हणत होते.

त्याच वेळी शालन दुपारची भाकरी घेऊन आली. लावणी ऐकताच तिची पावलं थांबली. ते सूर तिला ओळखीचे होते. ती ढिगापाशी गेली. "खाली या," ती म्हणाली. "तोंड उघडा."

हिंदुरावांनी उघडलं. वास आला. शालननं भाकरीचं गठुळं खाली ठेवलं आणि घराच्या दिशेनं चालायला लागली. पिशवी भरायला.

ऊर्मिला धावत तिच्या आडवी गेली. तिनं चाचणीसाठी आणलेल्या यंत्रात दोघांचा श्वास धरून बघितला, मग डोकं धरून बांधावर बसली आणि बऱ्याच वेळानं हसायला लागली. आपली चूक तिला तिथंच उमगली होती. पुढं प्रयोगशाळेत तपासल्यावर ती पक्की झाली.

प्रयोगशाळेतल्या शहाण्यांनी गोळी रसावर तपासली होती, पण रस पिशवीबंद. उकळून, गार करून, दुकानातून आणलेला. मेलेला रस. गुऱ्हाळाचा रस जिवंत असतो. उसाच्या कांड्यावर, चरकाच्या फटीत रानटी यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतं. म्हणून तर ताजा रस दोन-चार तासांत आंबतो. त्यात दोन्ही जातींचे जीव असतात. दोघांनी गोळी चालू करून महिना झाला होता. त्या महिन्यात चरकाच्या राज्यातली ही रानटी मंडळी थोडीथोडी पोटात जात होतीच. हिंदुरावांना रोज घोट-दोन घोट, दळवींना ऊर्मिलानं पुण्याला नेलेल्या उसाच्या कांड्यांबरोबर. प्रयोगशाळेतल्या ब्रह्मचाऱ्यांना गावची मुलगी भेटली. जोडा जमला, नवी वीण झाली, आणि आईकडून तिला ते कापलेलं जनुक अख्खं मिळालं. साखर झपाट्यानं खायची हाव बापाची, दारू करायची कला आईची. आणि त्या दिवशी तांब्यावर तांब्या रस.

"म्हंजे तू तुझ्या बाच्या पोटात लगीन लावलंस," शालन म्हणाली.

"आई, तसंच."

"आणि वऱ्हाडाला दारूबी पाजलीस."

 शालन भाकरीच्या गठुळ्यापाशी परत आली. नवऱ्यानं दारू प्यायलेली नाही, त्याच्या पोटानं ती गाळली, हे तिनं लेकीच्या शब्दावर मान्य केलं. "ह्या खेपंला," ती म्हणाली. ऊर्मिलानं दोघांना पोट साफ करायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं: महिनाभर रोज एक घ्यायची, आणि तोवर गोडाचा घोटही नाही. ती वीण चिवट आहे. रस पोटात गेला की भट्टी पेटलीच.

"हे आईकलं का, रंगराव?" हिंदुराव म्हणाले. "पटलं का?"

"ऊर्मिलानं फोनवर सांगितलंय मला समदं. पटतंय तेवढं."

"बग! मिशी गेली माझी."

पुढचं तर पेपरात आलं होतं. यीस्टच्या त्या गोळ्या आणखी शेकडो लोकांनी घेतल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांना कुठल्या ना कुठल्या रसवंतीवर आपल्या पोटातला चमत्कार कळला होता. मग काय विचारता? ज्या माणसांनी उभा जन्म उसाकडं पाठ केली, ती शहरातली पथ्यवाली माणसं रसवंतीवर रांगा लावून उभी राहिली. एक ग्लास रस, अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसायचं, आणि मग गळ्यात गळे. वर युक्तिवाद तयार: रक्तात साखर आली का? नाही. बटण ओरडलं का? नाही. म्हणजे शून्य! दारूबंदी खात्याचे लोक हात चोळत बसले. भट्टी कुठाय? पोटात. मग जप्त कशी करायची? एका हवालदारानं एका गृहस्थाला ‘विनापरवाना उत्पादन’ म्हणून पकडलं, तर वकिलानं विचारलं, साठा कुठं आहे तो हजर करा. शेवटी सरकारनं गोळी बंद केली, आणि सगळी मंडळी पुन्हा मेथ्यांच्या पाण्याकडं वळली, चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव घेऊन. दळवी तर त्या रसाला आता ‘उपचार’ म्हणत. असल्या लोकांना दारूही धड पिता येत नाही. तिलाही ते शास्त्राचं धोतर नेसवतात.

"ते ऱ्हाऊ द्या," आतून आवाज आला. आठवड्यात शालन पहिल्यांदाच नवऱ्याशी बोलली होती, पाठ न वळवता. "गेल्या आठवड्याचं सांगा."

हिंदुरावांनी घसा खाकरला. एवढा वेळ जी गाडी उतारावरून पळत होती, ती आता चढाला लागली होती. आठवडाभर घरात त्यांनी स्वतःच्या हातचा मुका चहा प्याला होता. चुलीपुढं बसलं की समोरची पाटाची जागा रिकामी दिसायची. रात्री कुणी ‘दार लावलंसा का’ विचारत नव्हतं. गोष्टीला हसणारं कुणी नव्हतं, आणि गोष्ट खोटी आहे असं म्हणणारंही कुणी नव्हतं. हे दुसरं जास्त जड जात होतं. पण यातलं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांना गोष्ट सांगायची सवय होती.

"तर त्या दिशी तू घरात न्हवतीस," ते म्हणाले. "ऊर्मिलाच्या पोट साफ करायच्या गोळ्या मी नेमानं घेत हुतो. निम्म्याहून जास्त झालत्या. सांच्याला म्हटलं, जरा गुऱ्हाळावर चक्कर टाकावी. टाकली. चुलवाण धडाडून पेटलेलं, काहिलीवर फेस आलेला, गड्यांची ही धांदल! मी आपला कडंला उभा. रसाकडं बघितलंबी न्हाई."

"मग?" रंगराव.

"मग सिद्राम पेला घिऊन आला. म्हणाला, मालक, आज नवीन फडाचा ऊस हाय. पयला पेला मालकानं चाखायचा, आजवर रीत मोडली न्हाई. मी म्हटलं, नगं बाबा, लेकीनं बजावलंय. त्याच्या डोळ्यांत पाणी! म्हणाला, मालक, माझ्या हातचा रस तुमी टाकलासा? आता सांगा रंगराव, आयुष्यभर आपल्या चुलवाणाशी भाजून निघालेला माणूस. त्याच्या हातचा पेला मी त्या दळवीगत तळहात ठिवून परत करायचा? आमच्यात आणि पुण्यात मग फरक काय ऱ्हायला?"

"खरं हाय," रंगराव म्हणाला.

"म्या आपला जिभंला लावला. नुसता मान राखायला. एक घोट! पर तो रस रांडेचा असा गोड, आणि पोटातली ती वीण अशी टपलेली..." हिंदुरावांनी दोन्ही हात आभाळाकडं उडवले. "पुढचं मला ठावं न्हाई. डोळं उघडलं तवा मी पाचटात, आणि ही समोर उभी. एका घोटात गडी आडवा! हे पटंल कुणाला? न्हाई पटायचं. म्हणून तर सुरवातीलाच म्हटलं."

रंगराव बहिणीकडं वळला. "ताई, मग ह्यात दाजींची काय चूक? जिवंत जंतू हाईत पोटात. माणसानं करायचं काय? जा की आता घरी."

शालन उठली. निवडलेली मेथी तिनं टोपलीत टाकली, काड्या सुपात भरल्या, हात धुतले आणि पदराला पुसले. मग खुंटीपाशी गेली आणि पिशवी काढली.  हिंदुराव लगबगीनं उठले, चपला पायात सरकवल्या आणि पिशवी घ्यायला हात पुढं केला. पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात आला. दुसरा शालननं सोडला नाही.

"अवो," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "त्या दिशी मी कुठं गेलते?"

"कुठं म्हंजे? आदमापूरला. दर्शनाला."

"आणि आदमापूरला मी कवा जाते?"

"दर अमा..." हिंदुराव म्हणाले, आणि थांबले. रंगरावानं आधी दाजींकडं बघितलं, मग बहिणीकडं, आणि मग जमिनीकडं.

"अमावस्येला जाते," शालन म्हणाली. "आणि अमावस्येला आपल्या पंचक्रोशीत एकबी चुलवाण पेटत न्हाई, एकबी चरक फिरत न्हाई. तुमच्या आज्यानं कवा फिरवला न्हाई. गडी आपापल्या घरी हुते. आणि तुमचा तो डोळ्यांत पाणी आणणारा सिद्राम सकाळधरनं माझ्यासंगं आदमापुरात हुता, माझ्या शेजारी बसून परसादाचा शिरा खात हुता. तुमच्या पोटातलं लगीन खरं, पोटातली भट्टीबी खरी. पर सुट्टीच्या दिशी फडातनं ऊस तोडून आणला तुमी, चरकाचं बटण दाबलं तुमी, आणि पेला भरला तोबी तुमीच!"